नजर आधी पडते ती जागा

सोमवार, ३ तारीख

तर सगळ्यांच्या आधी आला कोण, तर सुतार. ज्यांचं घर त्यांचा पत्ता नाही, किल्ली सुनेच्या पर्समध्ये, सून रस्त्यात अडकलेली, आणि मी आपली तीन पिशव्या नि एक उशी घेऊन जिन्यात बसलेली. हा हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून वर आला, माझ्याकडे बघून म्हणाला, खोलीतल्या आजी त्या तुम्हीच का. मी म्हटलं, अजून जिन्यातली आहे बाबा, कुलूप उघडलं की खोलीतली होईन. हसला नाही. सुतार तोंडात खिळे धरून धरून हसायचं विसरतात असं आमचे हे म्हणायचे, आणि ह्यांना सुतारांचं फार माहीत, कारण ह्यांनी एक खुर्ची दुरुस्तीला टाकली होती ती हे गेले तरी परत आली नाही.

मग सून आली, नात आली, शेवटी मुलगा टेम्पोबरोबर. चहाला कप सापडेनात, तेव्हा सगळ्यांनी वाट्यांतून प्यायला. मला तोच चहा गोड लागला. चार वर्षं एकटीनं दोन खोल्यांत काढली, भिंतीशी बोलून बोलून भिंतीलाही माझा कंटाळा आला असेल. मुलगा म्हणाला, आई, आता एकटी राहायचं नाही. तिकडचं कुलूप तसंच राहू दे, वाटेल तेव्हा जाऊन येत जा. त्याचा स्वभाव बापावर गेलाय, बोलायचं थोडं पण पोटात माया.

घर नवंकोरं आहे. माझी खोली सगळ्यांत मोठ्या खिडकीची. खाली रस्ता, पलीकडे चष्म्याचं दुकान आणि बसथांबा. त्याच थांब्यावरून माझ्या धाकट्या बहिणीच्या गावाची बस सुटते, तासाभराची वाट. वीस तारखेला मी तिच्याकडे जाणार आहे. एकवीसला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि बाई सुईलासुद्धा भिते. फोनवर म्हणाली, ताई, तू हात धरलास तरच मी त्या टेबलावर निजेन, नाहीतर राहीन आंधळी. लहानपणी दात पाडायलाही माझाच हात लागायचा. मी शब्द दिलाय.

ही वही नातीनं दिली. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस, थोडं हिलाही सांग. नऊ वर्षांची आहे पण टोमणा मारायला आईला हार जात नाही.

बुधवार, ५ तारीख

आज सजावटवाली बाई आली. मला वाटलं होतं नखं रंगवलेली, उंच टाचांची कुणीतरी येईल. ही आपली करड्या कपड्यांतली, पायात सपाट चप्पल, आवाज असा की कान पुढे करावा लागतो. आली ती बाहेरच्या दारात उभी राहिली आणि डोळे मिटले. मी सुनेला विचारलं, हिला चक्कर येतेय का. तेवढ्यात तिनं डोळे उघडले आणि माझ्या खोलीकडे बोट केलं. म्हणाली, दार उघडल्यावर नजर आधी जिथं पडते ती जागा घरात एकच असते. ती ठरली की बाकी सगळं तिच्याभोवती लावायचं. पडदे, रंग, दिवे, सगळे तिचे चाकर.

ती जागा माझ्या खोलीत निघाली. खिडकीच्या उजव्या अंगाला, थोडी आत. म्हणून माझ्या खोलीला दार नको, कमान हवी, म्हणजे बाहेरच्या दारातून सरळ आत दिसेल. मी म्हटलं, मग मी कपडे कुठं बदलू, रस्त्यावर? तर पडदा मिळेल म्हणाली.

मग मोजमाप. हिची रीत मला फार आवडली. आधी सामान आणून ओढाताण करायची नाही. जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावून प्रत्येक वस्तूची जागा आखायची. इथं पलंग, इथं कपाट, इथं तिवई. पट्टीच्या आतून बाहेरून चालून बघायचं, गुडघा कुठं आपटतो का ते. वस्तू आली की बरोबर पट्टीत ठेवायची आणि मग पट्टी सोलून काढायची. म्हणाली, पट्टी निघाली की वस्तू बसली.

तिनं मलाही मोजलं. गुडघ्यापासून जमीन, कोपरापासून जमीन, बसल्यावर डोक्यापर्यंत. मी म्हटलं, बाई, शिंप्यानं कधी एवढं मोजलं नाही. तर म्हणाली, आजी, खुर्ची तुमच्या अंगाची हवी. लग्नाच्या वेळी सुद्धा माझ्या अंगाचं कुणी काही केलं नव्हतं. थोरल्या जावेची चप्पल घालून आले होते मी, एक नंबर मोठी.

शनिवार, ८ तारीख

आजचा दिवस लिहूनच ठेवते, कारण असा पुन्हा येत नाही.

भिंतींना रंग झाला. कच्च्या बदामाच्या आतल्या गराचा रंग असतो ना, तसा. रंगाच्या नमुन्यांचं पुस्तक आणलं होतं, त्यात नुसत्या पांढऱ्याचेच तीस प्रकार. सजावटवाली म्हणाली, एका खोलीत तीनच रंग. एक भिंतीचा, एक लाकडाचा, तिसरा चवीपुरता. तिसरा माझ्या शालीचा विटकरी. माझी जुनी शाल, जिला सून पायपुसणं म्हणते, तिच्यावरून पडद्याची किनार ठरली. मी सुनेकडे बघितलं नाही. मुद्दामच.

मग तिनं घरातल्यांना एकेक चिठ्ठी दिली. या खोलीत शिरताना नजर आधी कशावर पडायला हवी ते लिहा. एकमेकांना दाखवायचं नाही. मला चिठ्ठी दिली नाही. ज्याची खोली त्याला विचारायचं नसतं, अशी तिची पद्धत. मला वाटलं कुणी चित्र लिहील, कुणी फुलं, सून तर झुंबरच लिहिणार.

उघडल्या. तिन्ही चिठ्ठ्यांत मीच. सुनेनं सासूबाई लिहिलं, नातीनं आजी लिहून पुढे फूल काढलं, आणि माझ्या लेकानं नुसतं आई.

मला रडू आवरेना. आयुष्यभर मी दाराआडून वाढणारी बाई. पाहुणे यायचे, जायचे, ह्यांच्याशी बोलायचे, चहा कुणी केला ते कुणी विचारलं नाही. आणि आता दार उघडताच नजर पडायची ती माझ्यावर. धाकटीला लगेच फोन लावला. ती म्हणाली, बघ हो ताई, एक दिवस काचेच्या कपाटात ठेवतील तुला. जळते मेली. मी म्हटलं, तूही ये, तुलाही ठेवू.

सजावटवालीनं तिन्ही चिठ्ठ्या घडी घालून आपल्या पिशवीत टाकल्या. मला एक हवी होती, लेकाची. मागितली तर म्हणाली, त्या कामाला लागतात.

मंगळवार, ११ तारीख

सामान आलं. पलंग आला, कपाट आलं, तीन पायांची तिवई आली, तिच्यावर काचेची फुलदाणी आणि पाच पांढरी फुलं. चार का नाही, तर सम संख्या डोळ्याला हिशेबासारखी वाटते म्हणे. एकेक वस्तू पट्टीत बसली, सजावटवालीनं वाकून बघितलं, बोटानं दोन सूत इकडे सरकवली, आणि पट्टी सोलली. पट्टी निघताना असा आवाज येतो, सर्र, की दाताला कसंसंच होतं.

दुपारी मला तिवई पलंगाजवळ हवी होती, चष्मा ठेवायला. ओढली तर हलेना. मी जोर लावला. नातीला बोलावलं, दोघींनी लावला. तीन काटकुळे पाय आणि जसा काही जमिनीतून उगवलेला खांब. सुताराला म्हटलं, अरे, इतके कशाला खिळे ठोकलेस, उद्या झाडायचं कसं खालून? तो रंधा मारत होता, थांबला. म्हणाला, आजी, मी एकही खिळा मारलेला नाही. मी फक्त आणून देतो.

असेल काही नवीन गोंद. हल्ली सगळंच चिकटणारं निघालंय.

शुक्रवार, १४ तारीख

फुलं अजून तशीच. पाणी बदलावं म्हणून बघितलं तर पाणी एक थेंब कमी नाही, पाकळी मऊ पडली नाही. चांगल्या जातीची असणार.

सुनेशी थोडं वाजलं. फार नाही, भांड्याला भांडं लागलं एवढंच. मी स्वयंपाकघरातले डबे हाताला येतील असे लावले, तर तिला साखर सापडेना आणि चहात मीठ पडलं. मला हसू आलं, तिला नाही. मग मी बैठकीतली खुर्ची उजेडाकडे वळवली, तीही तिनं परत फिरवली. आज ती सजावटवालीला सांगत होती, मी कमानीच्या अलीकडेच होते, सगळं ऐकू आलं. म्हणाली, सासूबाई एका जागी ठरत नाहीत हो. वस्तू ठेवली तिथं राहत नाही आणि त्याही राहत नाहीत. सजावटवाली म्हणाली, थोडे दिवस.

आणखी एक. संध्याकाळी मुलाला म्हटलं, माझ्या त्या दोन खोल्यांची किल्ली दे, धाकटीच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना लागणारं माझं जुनं पाकीट तिकडे राहिलंय. तो बुटाची नाडी सोडत बसला. मग म्हणाला, आई, किल्ली मालकाला परत केली. कधी, तर तू आलीस त्याच आठवड्यात. सामान? जे चांगलं होतं ते ठेवलंय.

मला विचारलं असतं तर मीच हो म्हटलं असतं, कदाचित. पण विचारायला हवं होतं. तू आलीस त्याच आठवड्यात. म्हणजे वाटीतून चहा प्यायलो तेव्हाच त्याला माहीत होतं.

सोमवार, १७ तारीख

खालच्या मजल्यावरचं एक मांजर आहे, करडं, खिडकीतून येतं. नातीचा त्याच्यावर भारी जीव. सजावटवालीनं खिडकीशी एक वेताची टोपली ठेवली आणि तिच्याभोवती पट्टी लावली. नात मला म्हणाली, आजी, मी दुसरी चिठ्ठी लिहिली, आता मनी कधीच जाणार नाही. मांजर उन्हाला टोपलीत येऊन बसलं. सजावटवाली वाकली. सर्र.

हे शनिवारचं. आज सोमवार. मांजर उठलेलं नाही.

आधी वाटलं झोपलंय. मग वाटलं गेलं. मी हात लावला तर अंग उबदार. पोट मात्र वरखाली होत नाही. शेपूट पंज्यावर गुंडाळलेली, पोत्यासारखं जड, उचलता येत नाही. टोपली सुद्धा नाही. नातीला विचारलं, ही खात का नाही ग? ती म्हणाली, तिला आता लागत नाही. आणि बाहुल्या खेळायला निघून गेली.

मी चष्मा लावून जवळ बसले. तेव्हा दिसलं. मान नाही, कान नाही, मिशी नाही, पण डोळे फिरतात. मी उजवीकडे सरकले, ते उजवीकडे आले. ते मांजर आत आहे. सगळं ऐकतंय.

मुलाला हाक मारली. तो आला, त्यानं बघितलं, म्हणाला, छान दिसतंय ना.

बुधवार, १९ तारीख

नीट लिहिते.

खिडकीच्या उजव्या अंगाला माझ्या खुर्चीची पट्टी लावलेली आहे, ती मी रोज बघत होते. आज तिच्यापुढे दोन लहान आकार दिसले. पावलांचे. डावं थोडं मागे, मी बसते तसं.

सुतार खुर्ची घेऊन आला. खुर्ची सुरेख आहे, खोटं का बोलू. हाताला लागेल तिथं गोलाई. ती ठेवून त्यानं खिशातून खोलीचा नकाशा काढला आणि पलंगावर विसरला. विसरला नाही, ठेवला. माझ्याकडे बघून ठेवला, आणि म्हणाला, आजी, कुणाकडे जायचं असेल तर आजच जाऊन या. मग हत्यारं गोळा केली आणि गेला. त्याचं अर्धं काम बाकी होतं.

मी बोट फिरवत वाचलं. प्रत्येक वस्तूला आकडा. एक पलंग. दोन कपाट. तीन पडदा. चार तिवई. पाच फुलदाणी. सहा मांजर. सात आजी, बसलेली, हातात वही.

खाली सह्या. सुनेची. नातीचं नाव वाकड्या अक्षरांत, पुढे फूल. आणि माझ्या लेकाची सही. ती मी ओळखते. त्याला पहिलं अक्षर मीच हात धरून गिरवायला शिकवलं होतं.

मी पिशवी भरली. म्हटलं उद्या सकाळी जायचंच आहे धाकटीकडे, आताच जाते. दारात मुलगा आला. मी नकाशा त्याच्यापुढे धरला. त्यानं मला पलंगावर बसवलं, स्वतः खाली बसला आणि माझ्या मांडीत डोकं घालून रडला. चाळीस वर्षांचा बाप्या. म्हणाला, बाबा गेले तेव्हा मी पोचलो नाही आई, दाराशी आलो तर पलंग रिकामा. मला पुन्हा रिकामा पलंग बघायचा नाही. दार उघडलं की तू दिसायला हवीस. दुखणं नको, खुपणं नको, नुसती अस. मी म्हटलं, अरे, मी असेन ना, पण उठून बसून असेन. मला धाकटीकडे जायचंय. मी शब्द दिलाय.

त्यानं डोळे पुसले. म्हणाला, तुझंच खरं. नको तर नको. नकाशा त्यानं माझ्यासमोर चार तुकडे करून फाडला. म्हणाला, आता बस गेली असेल, उद्या सकाळी मीच गाडीतून सोडतो तुला मावशीकडे.

माझं पोर आहे. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. जेवले. बरं वाटलं.

गुरुवार, २० तारीख

सकाळी पिशवी दाराशी ठेवली. चप्पल घातली. मुलगा म्हणाला, आई, निघण्याआधी एक फोटो. खुर्ची तुझ्या अंगाची केलीय, एकदा बस तरी. दहा मिनिटं. मग निघूच. सुनेनं शाल आणली, स्वतः खांद्यावर घातली. तिनं मला कधी — नातीनं वही हातात दिली. म्हणाली आजी लिहितेस तशी बस.

मी चप्पल काढली. का काढली. गालिचा नवा होता म्हणून.

सजावटवाली कुठून आली दिसलं नाही. एकदम पायाशीच होती. तिनं माझं डावं पाऊल बोटानं थोडं मागे घेतलं.

मी लेकाकडे बघितलं. तो दाराकडे बघत होता.

सर्र.

शुक्रवार, २१ तारीख

हाताचं मनगट हलतं. चार बोटं. सजावटवाली म्हणाली, हात सावकाश बसतो, लिहिणारा आहे ना. तोंड नाही. काल दुपारपासून एक शब्द नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आज धाकटीचं ऑपरेशन. मुलानं माझ्यासमोर उभं राहून तिला फोन केला. म्हणाला, मावशी, आईला यायचा कंटाळा आला, म्हणाली तुझं तू कर.

असं म्हणाला. माझ्यासमोर.

ती पलीकडून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. बराच वेळ तो नुसता हं हं करत होता.

शनिवार, २२ तारीख

भूक नाही. तहान नाही. खिडकीतलं ऊन गुडघ्यावर येतं ते कळतं.

मांजर माझ्याकडे बघतं. मी त्याच्याकडे.

सून फडकं घेऊन आली. कपाट पुसलं, तिवई पुसली, मग माझे गुडघे. मग कपाळ. गाणं गुणगुणत होती. म्हणाली, अहो आई, आता किती बरं वाटतं बघा घरात.

लोक येतात. दार उघडतं, सगळे आधी माझ्याकडे बघतात. वा म्हणतात.

सोमवार, २४ तारीख

मुलगा वही वाचतो.

रोज ऑफिसातून आला की माझ्या मांडीवरून घेतो, वाचतो, परत ठेवतो. तिरकी झाली तर सरळ करतो. आज परवाचं पान वाचताना थांबला. वाटलं आता. आता माझं पोर —

शाल नीट केली आणि जेवायला गेला.

बुधवार, २६ तारीख

धाकटी आली. भाचा बरोबर. डोळ्यांना काळा चष्मा, मोठा, अर्धा चेहरा झाकणारा. दारातूनच बोलत आली, काय ग ताई, कंटाळा आला होय तुला, मी तिथं कुणाचा हात धरला माहितेय, नर्सचा, आणि तो गार होता. मग उत्तराची वाट बघत थांबली. मुलगा म्हणाला, आई हल्ली फार बोलत नाही मावशी. रमली आहे.

ती जवळ आली. हात माझ्या हातावर ठेवला. मी सगळा जीव बोटांत आणला. एक बोट हललं. तिला वाटलं मी कुरवाळलं.

म्हणाली, ताई, रागावले नाही ग मी. किती सुखात ठेवलंय तुला. माझे गुडघे बघ, जिना चढताना देव आठवतो. इकडे मी ओरडत होते. आतल्या आत. पळ म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं तर तिनं पदरानं पुसलं. म्हणाली, बघा, मला बघून भरून आलं हिला.

भाचा मागे उभ्या असलेल्या सजावटवालीशी हळू आवाजात बोलला. आई एकटी असते, मी दिवसभर बाहेर, जीव टांगणीला. सजावटवालीनं मोजपट्टी काढली. गुडघ्यापासून जमीन. धाकटी खिदळत होती. म्हणाली, गुदगुल्या होतात हो.

गुरुवार, २७

माझ्यासमोर दुसरी पट्टी. खुर्ची. दोन पावलं. लहान.

तिचे पाय लहानच. माझ्या चपलेत दोन्ही मावायचे.

शुक्रवार, २८

दोन बोटं उरली —

मुलगा वाचून म्हणाला, मावशी आली की तुला सोबत होईल आई. मग तू रागावणार नाहीस. हसला. बापासारखा.

नात पान उलटून देते. तिला म्हटलं असतं — लिहिते. बाळा मावशीआजीला फोन कर येऊ नको सांग. तिनं वाचलं. म्हणाली, आजी, तू तर म्हणाली होतीस, तूही ये, तुलाही ठेवू.

शनिवार, २९

अंगठा गेला. पेन्सिल बोटांत अडकवलेली —

भाचा सांगून गेलाय. धाकटीला घेऊन येतो. रविवारी. सकाळच्या बसनं. उद्या रवि —

तू नको. थांब्यावरूनच मागे — खिडकीत बघू नको, मी दिसेन, छान दिसेन, तू नको —

रविवारी येतो म्हणाले. रविवारी सका